रंगाऱ्याचे गाडगे

एका गावात एक रंगारी राहत होता. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. शिकेकाईने घासा, वाळूने घासा, तो रंग काही जात नसे. जेवताना भाकरीचा तुकडासुद्धा त्याच्या बोटांत जरा निळसर दिसे.

अंगणातल्या छपरीत त्याचा निळीचा रांजण होता, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. तो त्याच्या वडिलांनी लावला होता. दह्याला जसे विरजण, तसे निळीला जुने आंबवण लागते. म्हणून इतक्या वर्षांत तो रांजण एकदाही पुरता उपसला नव्हता. रंगारी रोज सकाळी त्यात काठी फिरवी, वास घेई, थेंबभर जिभेला लावी आणि म्हणे, "आज चुना कमी पडलाय." सात प्रकारचे निळे रंग त्याला नुसत्या नजरेने ओळखता येत. पैशातले मात्र त्याला ओ की ठो कळत नसे.

घरात रंगाऱ्याची बायको होती, म्हातारी आई होती आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. चौघांचा पैसा एका गाडग्यात राही. अरुंद तोंडाचे, काळे, पोटाने गोल असे ते गाडगे देवाशेजारच्या कोनाड्यात बसलेले असे. त्याचे दोन नियम होते, आणि तेही वडिलांच्या वेळचे. गाडग्याचा तळ कुणी पाहू नये, हा पहिला. आतले पैसे मोजू नयेत, मोजले की बरकत जाते, हा दुसरा. ज्याला पैसे मिळाले त्याने टाकावेत, ज्याला लागले त्याने काढावेत. दोन बोटे आत घातली आणि ती नाण्यांना टेकली, म्हणजे घर सुखात आहे. त्या घराचा हिशोब एवढाच होता.

एका पावसाळ्यात ऊन पडेना. रंगवलेले कापड वाळेना, म्हणून गिऱ्हाईकही फिरकेना. एके दिवशी रंगाऱ्याने मीठ आणायला गाडग्यात बोटे घातली, तर ती नाण्यांना टेकलीच नाहीत. मग त्याने गाडगे हलवले, तेव्हा कुठे तळाशी चार-दोन नाणी वाजली.

आईने बघितले तर काय म्हणेल, बायकोने बघितले तर काय वाटेल, या विचाराने तो मागच्या वाटेने सावकाराकडे गेला. रांजण गहाण लिहून दिला आणि वीस रुपये आणून गुपचूप गाडग्यात सोडले. पुन्हा बोटे घालून पाहिली. टेकली. त्याला हायसे वाटले. घरच्यांना कशाला उगाच काळजी, असे म्हणून त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

पुढे मात्र सगळेच कोड्यात पडण्यासारखे झाले. दिवाळी आली, संक्रांत गेली, कमाई बेताचीच होती, पण गाडगे भरलेलेच. बायकोने जत्रेतून हातभर उंचीची पितळी समई आणली. रंगारी गाडग्याकडे गेला, बोटे घातली, टेकली.

"काय गं, पुरले का पैसे?" त्याने विचारले.

"पुरले की," बायको म्हणाली. "तुमची कमाई यंदा बरी दिसतेय."

रंगाऱ्याला ती कमाई कुठे दिसत नव्हती. पण बायको म्हणते त्या अर्थी असेल, असे तो मनाशी म्हणाला. मग आईने पाच सवाष्णींना पुरणपोळीचे जेवण घातले. मुलीला चांदीचे पैंजण आले. रंगाऱ्याने स्वतःही एक भरजरी पागोटे घेतले, कारण गाडगे भरलेले असताना फाटके पागोटे घालून फिरणे बरे दिसत नाही. मधूनच एखाद्या दिवशी बोटे टेकत नसत. तेव्हा तो पुन्हा मागच्या वाटेने सावकाराकडे जाई.

"आई, हे गाडगं भरतं तरी कसं?" एकदा त्याने विचारले.

"अरे, तुझ्या बापाची पुण्याई," म्हातारी म्हणाली, आणि का कोण जाणे, तपकिरीची डबी शोधायला उठून गेली.

रंगारी जोशांकडे गेला. जोशांनी बोटांची पेरे मोजली, पंचांग उघडले, मिटले आणि म्हणाले, "गाडग्याचं तोंड उत्तरेकडे कर." रंगारी घरी आला आणि बराच वेळ गाडग्यापुढे उभा राहिला. गाडग्याचे तोंड आभाळाकडे असते, ते उत्तरेकडे कसे करायचे, हे त्याला उमगेना. शेवटी त्याने गाडगे थोडे तिरके ठेवले आणि दक्षिणा वाया गेली नाही असे समजून घेतले.

मग त्याला एक युक्ती सुचली. त्याने नाण्यांवर कडुलिंबाचे एक पान ठेवले. चोर असेल तर पान हलेल, असा त्याचा कयास. दोन दिवसांनी बघतो तर पान दिसेना. चाचपले तेव्हा ते नाण्यांच्या खाली सापडले. म्हणजे वरून कुणीतरी नाणी टाकली होती. चोर घेऊन जातो असे त्याने ऐकले होते. हा चोर आणून टाकत होता.

शहाणा असता तर त्याच क्षणी चौघांना गोळा करून त्याने विचारले असते. पण फुकटचे कोडे कुणाला सोडवावेसे वाटते? लक्ष्मी घरात पाणी भरतेय, तिला टोकायला आपण कोण, असे म्हणून त्याने पान परत ठेवले, गाडग्याला हात जोडले आणि कामाला लागला.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळीच सावकार दारात उभा राहिला. ओट्यावर बसला, गूळपाणी घेतले, तोंड पुसले आणि गोड आवाजात म्हणाला, "रंगारीबुवा, व्याज धरून साठ झाले. वायदा आजचा होता. नसतील तर रांजण उकरायला माणसं बोलावतो."

बायको आतून ऐकत होती. "कसले साठ?" असे ती म्हणाली, पण अगदी हळू. म्हातारीच्या हातातली माळ थांबली.

रंगाऱ्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. गाडगे आहे की. भरलेले आहे. त्याने ते कोनाड्यातून उचलले आणि ओट्यावर घोंगडीवर आणून ठेवले.

"बाबा, उपडं करू नका, तळ दिसेल," मुलगी म्हणाली.

"दिसू दे. रांजण गेला तर आपणच उपडे होऊ," रंगारी म्हणाला आणि त्याने गाडगे उलटे केले.

खळाळून रुपये पडले. त्यांच्याबरोबर कडुलिंबाचे पान पडले. एक सुकलेले तुळशीचे पान पडले. एक बेलाचे पान पडले. रंगारी त्या तीन पानांकडे बघतच राहिला. एक आपले, मग बाकीची दोन कुणाची?

सावकाराने सराईत बोटांनी रुपये मोजले. "सत्तर आहेत. साठ माझे, दहा तुझे. झालं की काम." तो नाणी ओढू लागला.

"थांबा शेठ," रंगारी म्हणाला.

त्याच्या डोळ्यांना काहीतरी खुपत होते. हिशोब नव्हे, रंग. त्याची कमाई नेहमी छपरीत, ओल्या निळ्या हातांनी घेतलेली असे. त्या नाण्यांच्या कडांत, छापाच्या रेघांत निळा रंग बसे आणि मग कशानेही निघत नसे. समोरच्या ढिगात अशी निळी नाणी अगदी थोडी होती. बाकीची स्वच्छ पांढरी, कधी त्याच्या हाताखालून न गेलेली. सावकाराकडून आणलेली तो कागदाच्या पुडीतून तशीच सोडत असे, ती पांढरी असणार हे त्याला कळत होते. पण त्याने तरी इतकी आणली नव्हती.

तो मांडी घालून बसला आणि निवडू लागला. निळी एकीकडे, पांढरी एकीकडे. निळी अठरा भरली. पांढरी बावन्न.

"मी आणलेले बरेचसे खर्चले गेले असतील. मग एवढे पांढरे कुणाचे?" रंगाऱ्याने विचारले. तो आपल्या बायकोकडे बघत होता, बायको आपल्या हातांकडे. हातांत लाखेच्या बांगड्या होत्या.

"पाटल्या टोचतात म्हणून काढून ठेवल्यात, असं म्हणाली होतीस तू," तो म्हणाला.

"सोनाराकडे आहेत," बायको म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "पस्तीस रुपयांना. गाडग्यात बोटं टेकली नाहीत त्या दिवशी. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही कष्टी झाला असता. आणि मग ते भरलेलंच राहायला लागलं, तेव्हा मला वाटलं तुमची कमाई वाढली. मी तुळशीचं पान टाकून बघितलं, तर ते खाली गेलं. मला काहीच कळेना."

"बेलाचं माझं," म्हातारी म्हणाली. "मी तेलिणीकडून पंधरा आणलेत. ती माझी मैत्रीण, नाही म्हणाली नाही. म्हटलं, सुनेच्या नजरेला रिकामं गाडगं पडायला नको. मग दुसऱ्याच महिन्यात गाडगं भरलेलं. मला वाटलं, तुझा बाप वरून बघतोय. म्हणून तर सवाष्णी घातल्या."

म्हणजे झाले असे होते. ज्याला गाडगे रिकामे दिसे, तो दुसऱ्यापासून लपवायला ते भरी. ज्याला भरलेले दिसे, तो दुसऱ्याने कमावले असे समजून खर्च करी. तिघांनी मिळून एकशेदहा रुपयांचे कर्ज केले होते, आणि तेही एकमेकांच्या मायेपोटी. रंगाऱ्याला रागवावेसे वाटत होते, पण कुणावर रागवावे तेच समजेना. पहिला नंबर त्याचाच लागत होता.

सावकार खो खो हसला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा धंदा वाईट काळावरच चालत असे. "अरे, एवढंच ना? ऐक माझं. हे सत्तर परत गाडग्यात टाक. वर आणखी चाळीस मी देतो. रांजण गहाण आहेच, घरही लिहून दे. वर्षभर विचारणार नाही. सणाच्या दिवशी भरल्या घरात बसा, पुरण खा."

रंगाऱ्याने रिकाम्या गाडग्यात दोन बोटे घातली. बोटे कशालाच टेकली नाहीत. त्याला फार भीती वाटली. हो म्हणावे, असे त्याच्या अगदी जिभेवर आले. बायको आणि आईही तेच म्हणत आहेत, असे त्याला त्यांच्या डोळ्यांवरून वाटले. एक हो म्हटले की सगळे कालच्यासारखे होणार होते. त्याने नजर चुकवायला छपरीकडे बघितले, तर समोर रांजण दिसला.

"शेठ," तो सावकाश म्हणाला, "रांजणात नीळ सरली की पाणी ओतता येतं. रांजण काठोकाठ दिसतो. पण कापड बुडवलं की ते फिकं निघतं. आम्ही तिघं वर्षभर पाणीच ओतत होतो. आता नको."

त्याने पांढऱ्या नाण्यांतले पंधरा मोजून आईच्या ओंजळीत घातले. "तेलिणीला दे. ती एकटी बाई, तिचे आधी." उरलेले सदतीस त्याने सावकाराकडे सरकवले. "हे घ्या. राहिले तेवीस. पुढच्या अक्षय्य तृतीयेला व्याजासकट देतो. नाही दिले तर रांजण तुम्ही उकरा, मी कुदळ देईन."

सावकाराने जरा वेळ कान खाजवला. पण साठांतले सदतीस हातात पडत होते, आणि रांजण कुठे पळून जात नव्हता. तो सदतीस घेऊन गेला.

आई संध्याकाळी तेलिणीकडून परत आली ती पायरीवरच बसली. म्हणाली, "तिच्या घरी पंधरा दिवस चूल दिवसातून एकदाच पेटत होती. आपल्याकडे समई आली, सवाष्णी जेवल्या, म्हणून तिला मागायची लाज वाटली." त्या रात्री समई लावायचे कुणाच्या मनात आले नाही.

रंगाऱ्याने गाडगे तुळशीपाशी उपडे ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसे. "रंगाऱ्याचं दिवाळं निघालं," असे लोक पाणवठ्यावर म्हणत, आणि रंगाऱ्याची बायको घागर अर्धीच भरून घरी येई. एकदा ती म्हणाली, "आत तरी ठेवा ना ते."

"लपवून ठेवलं की पुन्हा भरावंसं वाटेल," रंगारी म्हणाला.

आता पैसे उघड्या परातीत राहू लागले. शनिवारी बाजार असे, म्हणून शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी चौघे परातीभोवती बसत. निळा हात लागल्याशिवाय परातीत नाणे पडायचे नाही, म्हणजे उसना पैसा नको, हा नवा नियम. आधी ढीग लावायचे, मग खर्चाला हात लावायचा, हा दुसरा. एक ढीग पिठामिठाचा, एक नीळ आणि चुन्याचा, एक देण्याचा, आणि चौथा हौसेचा.

गाडग्यातली अठरा निळी नाणी निळीत आणि दाण्यात निम्मी झाली होती; पहिल्या शुक्रवारी परातीत नऊ रुपये होते. रंगाऱ्याने ते चार ढिगांत वाटले, तर हौसेच्या ढिगाला काही उरेना. त्याने मोडून पुन्हा वाटले, तर पिठाला कमी पडले. तिसऱ्यांदा वाटले, तर देण्याला कमी पडले. तो घामाघूम झाला. इकडून तिकडून कसेही मांडले तरी नऊ ते नऊच राहत होते. गाडग्याने त्याला इतकी वर्षे अशी कधी अडवणूक केली नव्हती.

"माझी तपकीर कोणत्या ढिगात?" आईने विचारले.

"हौसेच्या."

"ती हौस नाही, सवय आहे."

"मग सवयीचा ढीग नाही आपल्याकडे," बायको म्हणाली, आणि सासूसुनेची जुंपली. शेवटी म्हातारीने तपकीर निम्मी केली. सुनेने समई कासाराला परत विकली. रंगाऱ्याचे पागोटे गेले. मुलीने पैंजण आपणच काढून परातीत ठेवले, आणि मग कोपऱ्यात जाऊन रडली. तिला कुणी समजवायला गेले नाही, कारण समजवणार काय? रंगाऱ्याने त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली.

पण एक नवल हळूहळू घडले. पूर्वी गाडगे भरलेले असूनही रंगारी रात्री उठून त्यात बोटे घालून पाही. आता परात अर्धी रिकामी दिसे, पण झोप लागे. समोर काय आहे आणि काय नाही, ते चौघांनाही ठाऊक होते. पावसाळा जवळ आला तेव्हा बायको आपणहून म्हणाली, "ऊन नसतं तेव्हा काम नसतं, हे दरवर्षीचं आहे. आपण दरवर्षी नव्याने का घाबरतो?" आणि देण्याच्या ढिगाशेजारी पावसाळ्याचा एक लहानसा पाचवा ढीग पडू लागला.

वर्ष फिरून अक्षय्य तृतीया आली. रंगारी पुढच्या वाटेने, भर सकाळी, सावकाराकडे गेला. त्याने तेवीस आणि व्याजाचे दोन असे पंचवीस रुपये मोजून दिले. सगळे निळे. सावकाराने एक नाणे धोतराला घासून बघितले, रंग गेला नाही. त्याने कागद फाडला. रांजण सुटला. पाटल्या अजून सोनाराकडेच होत्या, पण त्यांचा ढीग आता परातीत पडू लागणार होता.

घरी येऊन रंगारी म्हणाला, "आता गाडगं धुऊन आत ठेवू. पावसाळ्याचे पैसे त्यात राहतील."

मुलगी राख घेऊन गाडगे घासायला बसली. तोंड इतके अरुंद की मोठ्यांचा हात तळाशी कधी पोचतच नसे. तिचा पोचला. ती मध्येच थांबली. "बाबा, तळाला काहीतरी चिकटलंय. निघत नाही."

रंगाऱ्याने गाडगे उन्हाकडे धरून आत बघितले. तळाशी लाखेने बसवलेला एक रुपया होता. जुना, झिजलेला, आणि अगदी गर्द निळा. सात निळ्यांतला तो कोणता निळा, हे त्याला विचारावे लागले नाही. तसा रंग वडिलांच्या हातावर असे.

त्याने गाडगे आईच्या मांडीवर ठेवले. म्हातारीने आत बघितले आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "मला कधी बोलला नाही," ती म्हणाली. "तळ बघू नका एवढंच म्हणायचा. ते ऐकून मी एकदाही बघितलं नाही."

रंगारी पायरीवर बसला. गाडगे रिकामे होईल, या एका भीतीने त्यांनी रांजण गहाण टाकला, पाटल्या गेल्या, तेलिणीची चूल विझली. आणि गाडगे तर कधीच रिकामे नव्हते. एकाने जरी नीट वाकून बघितले असते, तरी कळले असते. त्याला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरले. वडिलांनी हे आपल्याला का सांगितले नाही, तेवढे मात्र त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

तो रुपया त्यांनी काढला नाही. गाडगे पुन्हा कोनाड्यात गेले. पण दर शुक्रवारी ते परातीत उपडे होते, आणि चौघे वाकून आधी तळ बघतात.

तात्पर्य: घरच्यांपासून लपवून उसने भरलेले भांडे भरलेले दिसते, पण घर रिकामे करते. चौघांनी मिळून तळ पाहिला, की जे आपले आहे ते तिथेच सापडते.